विचारावं लागू नये अशी कोठी

मी पुण्यात इंटिरिअरची कामं करते. त्यातलं स्वयंपाकघर मला विशेष जवळचं, आणि स्वयंपाकघरातही कोठीचं काम मी मागून घेते. सध्या शहरात जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात आहे. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर या भागांतल्या तीन-चार मजली इमारती पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. दोन-तीन वर्षं भाड्याच्या जागेत काढलेली माणसं नव्या घराची किल्ली घेतात, तेव्हा आधी दिवाणखान्याची चर्चा होते. भिंतीचा रंग, पडदे, टीव्हीचं युनिट. कोठीचा विषय बहुतेक वेळा मीच काढते, कारण नव्या घरात पहिलं वर्षभर जी चिडचिड होते तिचं मूळ बऱ्याचदा तिथे असतं.

जुन्या फ्लॅटांत ओट्याखाली कडप्प्याच्या फळ्या असत, वर माळा असे, आणि कित्येक ठिकाणी अंधारी का होईना पण एक अडगळीची खोली असे. त्याआधीच्या वाड्यांत कोठीची खोली माजघराला लागून, देशावरच्या काही वाड्यांत तर भिंतीच्या जाडीतच धान्याचं बळद. नव्या इमारतींत हे सगळं गेलं आणि मॉड्युलर ट्रॉल्या आल्या. ताटं-वाट्या, कढया, चमचे यांच्यासाठी ट्रॉल्या उत्तमच. पण तारेच्या ट्रॉलीत डाळीचे डबे कलंडतात आणि तांदळाचं पोतं कुठल्याच ट्रॉलीत जात नाही. ते मग ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी जाऊन बसतं आणि पावसाळ्यात तांदळाला वास लागतो.

ज्या घराबद्दल लिहायचं आहे ते कोथरूडमधलं. आजी-आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. आजी मूळच्या रत्नागिरीकडच्या, सून नागपूरची. पोळ्यांना आणि भाजीला मावशी येतात. बिल्डरच्या नकाशात ओट्याच्या मागे पाच फूट बाय चार फुटांचा एक कोनाडा होता आणि त्यावर ‘स्टोअर’ एवढंच लिहिलेलं होतं. सुनेला तिथे सुंदर काचेच्या बरण्यांची रांग हवी होती, फोनवर जपून ठेवलेल्या फोटोंसारखी. आजींना धान्याला हवा आणि कोरडी जागा हवी होती. मला दोन्ही मागण्या रास्त वाटल्या.

पहिल्या भेटीत मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला : आत्ता घरात तूरडाळ किती आहे? सगळ्यांनी आजींकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, “दीड किलो असेल डब्यात. आणि एक न फोडलेलं पाकीट आहे, निळ्या पिशवीत, गुळाच्या मागे.” सूनबाई उठून पाहून आल्या. अगदी तसंच होतं.

असं सगळं घर डोक्यात ठेवणाऱ्या बायका मी पाहत आले आहे आणि त्यांच्याबद्दल मला खोल आदर आहे. कोणत्या डब्याच्या तळाशी किती उरलंय, कशाला कीड लागायची वेळ झाली, श्रावणाआधी काय भरायला हवं, याची त्यांच्याकडे लेखी नोंद कुठेच नसते. पण त्याचं ओझंही त्यांच्या एकट्यांवर असतं. सुनेने मग मला सांगितलं की भाड्याच्या घरात असताना आजींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा इस्पितळात फोन करून त्यांना थालीपिठाची भाजणी कुठे आहे ते विचारावं लागलं होतं. हे सांगताना तिचा आवाज पडला. आजींनी तिचा हात थोपटला आणि मला म्हणाल्या, “अगं, आता मला कोणी विचारायला नको, असं काहीतरी कर.” या एका वाक्यावर मी पुढचं सगळं काम बेतलं.

कोठी लावायची तर आधी घरात काय आहे ते डोळ्यांसमोर हवं. नव्या घराच्या रिकाम्या हॉलमध्ये आम्ही जुन्या चादरी अंथरल्या आणि सगळी खोकी त्यावर रिकामी केली. एका बाजूला कुळीथ, कडवे वाल, आमसुलं, तांदळाचं पीठ, फणसपोळी, मिरगुंडं, घरचा गोडा मसाला. दुसऱ्या बाजूला जवस, वायगावची हळद, भिवापूरची मिरची, माहेराहून आलेला काळा मसाला. दोन मुलुख एका हॉलमध्ये. साबुदाण्याची फोडलेली पाकिटं वेगवेगळ्या तीन पिशव्यांतून निघाली. कोणाचीच चूक नव्हती. उपवासाच्या आदल्या दिवशी सापडलं नाही की माणूस नवं आणतो.

हे सगळं पसरलेलं असतानाच मी मावशींना बोलावून घेतलं होतं. कोठीत सगळ्यात जास्त वेळा हात घालणारी व्यक्ती तीच असते आणि आराखडा करताना तिला कोणी विचारत नाही. त्या आधी संकोचल्या. मग म्हणाल्या, “ताई, पिठाचा डबा खाली ठेवू नका. वाकून वाकून कंबर जाते. परातीच्या उंचीला ठेवा.” नंतर थोडं थांबून, “आणि तेलाची किटली डाव्या हाताला. उजवा हात पिठात असतो.” मी टेप काढून त्यांच्या कोपरापासून जमिनीपर्यंतची उंची घेतली. पिठाचा डबा, परात आणि तेल यांची जागा त्या मापावरच ठरली. नंतर आजींचा हात वर कुठवर आरामात जातो ते पाहिलं. साडेपाच फुटांच्या वर त्यांना चवड्यांवर उभं राहावं लागत होतं. त्या रेषेच्या वर रोजचं काहीही ठेवायचं नाही, असं तिथेच ठरलं.

आमच्या शिक्षणात फ्रँकफर्ट किचन शिकवतात. १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी तो आराखडा केला आणि सुमारे दहा हजार घरांत तो बसला. जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटरची खोली. त्यात साखर, तांदूळ, डाळी यांसाठी ॲल्युमिनियमचे छोटे खण, प्रत्येकावर नाव आणि ओतायला चोच. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण ओकमधल्या टॅनिनमुळे पिठात अळ्या होत नाहीत अशी धारणा. इतक्या बारकाईने बाईच्या श्रमांचा विचार करणारी ती स्त्री मला थोर वाटते. तरीही दोन गोष्टी मला तिथे खटकतात. त्या खोलीत एका वेळी एकच माणूस काम करू शकतं, आणि खणांवरची नावं कायमची. ज्या घरात ती वस्तू खात नाहीत त्या घराने त्या खणाचं काय करायचं? कोथरूडच्या कोनाड्यात मला याच्या उलट करायचं होतं : दोन माणसं एका वेळी उभी राहतील एवढी मोकळी जागा, आणि बदलता येतील अशी नावं.

म्हणून दोन फूट खोलीच्या फळ्या मी काढून टाकल्या. मिस्त्रींनी आराखडा पाहून विचारलं, “जागा वाया नाही का जाणार?” जागा खरंच कमी होते. पण दोन फुटी फळीवर मागच्या रांगेत जे जातं ते विस्मृतीत जातं. आम्ही तिन्ही भिंतींना धरून फळ्या घेतल्या आणि कमरेच्या वर त्यांची खोली फक्त दहा इंच ठेवली. त्यावर मोठा डबा एकच मावतो, लहान असतील तर दोन, आणि मागच्या लहान डब्यांसाठी दोन इंचांची लाकडी पायरी. दारात उभं राहिलं की प्रत्येक वस्तूचं तोंड दिसतं.

फळीच्या लांबीबाबत मी हट्टी आहे. डाळी-कडधान्यांचे डबे दाटीने लावले की तीन फुटांच्या फळीवर पंचवीस किलो वजन सहज येतं. फळीवरचं एकूण वजन तेच ठेवून दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर फळी आठपट वाकते. त्यामुळे अठरा मिलिमीटरचं पाणी सोसणारं प्लायवूड, दर दोन-अडीच फुटांवर आधार, आणि मागच्या भिंतीपासून इंचभर फट. ती फट भिंतीला ओल आली तर कळावी म्हणून. सगळ्यात खालची फळी आजींच्या सांगण्यावरून कडप्प्याची केली, जमिनीपासून चार इंच वर. फरशी पुसताना पाणी लागलं तरी दगडाला फुगवटा येत नाही, आणि त्यावर गव्हाच्या आणि तांदळाच्या स्टीलच्या कोठ्या निर्धास्त बसतात.

किती साठवायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. आजींच्या माहेरी वर्षाचं भात कणगीत असे. आजोबा मार्केट यार्डाच्या भुसार विभागातून वर्षाचे गहू एकदम आणत. वर्षाची बेगमी मला मनापासून आवडते, पण सहा माणसांच्या या घरात महिन्याला पंधरा किलोंच्या आसपास गहू लागतात, आणि पन्नास किलो गव्हाला पासष्ट लिटर जागा हवी. दोन-तीन महिन्यांचं धान्य ठेवायचं, आणि नव्या हंगामाचे आंबेमोहोर आणि इंद्रायणी तांदूळ तेवढे थोडे जास्त घ्यायचे, असं ठरलं. आजोबांनी मान्य केलं. त्यांची मार्केट यार्डाची फेरी वर्षातून एकदाऐवजी चार-पाच वेळा होणार होती, आणि ते त्यांना आवडलं असावं.

आता डबे. माझी सगळ्यांना एकच विनंती असते : जागा मोजण्याआधी डबे घेऊ नका. एकसारख्या साठ बरण्या दुकानात फार देखण्या दिसतात. पण किलोभर तूरडाळ आणि किलोभर पोहे यांना एकच बरणी कशी चालेल? पोहे, कुरमुरे, मखाणे हलके असतात आणि जागा भरपूर घेतात. आम्ही आधी प्रत्येक जिन्नस किती लागतो ते लिहिलं, त्यावरून डब्यांची तीनच मापं ठरवली आणि मग बोहरी आळीत गेलो. गोल डबा जेवढी चौरस जागा अडवतो, त्यातली सुमारे एकवीस टक्के कोपऱ्यांत मोकळी राहते. लहान कोठीत तेवढी चैन परवडत नाही, म्हणून डाळींना, कडधान्यांना चौकोनी काचेच्या बरण्या घेतल्या. हळद, तिखट, मसाले यांना स्टीलचे डबे, कारण उजेडाने त्यांचा रंग आणि वास उतरतो. ओट्यावरच्या कपाटात, गॅसच्या अगदी वर मसाले ठेवायची पद्धत मी सगळीकडे मोडते. तिथे उष्णता आणि वाफ दोन्ही असतात. चिंच, आमसुलं, लोणची चिनी मातीच्या बरण्यांतच, कारण मीठ आणि आंबट एकत्र आलं की स्टीललासुद्धा बारीक खड्डे पडतात.

किडीबद्दल घराघरांत वेगवेगळे उपाय असतात. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर यांना माझा स्पष्ट विरोध आहे. दोन्ही पोटात जाण्यासारख्या वस्तू नाहीत, आणि धुताना काही राहून गेलं तर कोणाच्या लक्षात येणार? कडक उन्हात वाळवणं, डाळीला एरंडेलाचा हात फिरवणं, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणं हे जुने उपाय अजून उपयोगाचे आहेत. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणाऱ्या धान्यातही महिन्याभराने किडे निघतात, आणि बाई बिचारी स्वतःच्या स्वच्छतेला दोष देत बसते. दाणा चांगला वाळलेला असेल, ओलावा दहा टक्क्यांच्या खाली असेल, तर सोंडा फारसा वाढत नाही. रवा भाजून ठेवण्यामागे हीच शहाणीव आहे. बेसन, मैदा यांची पाकिटं आम्ही आणल्यावर तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवायची आणि मग डब्यात काढायची, असं ठरवलं. शेंगदाणे फ्रीजमध्ये, कारण त्यांच्यातलं तेल खवट होतं.

नव्या घराची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नव्या प्लायवूडला, लॅमिनेटच्या गोंदाला आणि रंगाला वास असतो. चहा, पीठ, तूप तो वास पटकन ओढून घेतात. हौसेपोटी लोक वास्तुशांतीच्या दिवशीच कपाटं भरतात. मी काम संपल्यावर निदान दोन आठवडे फळ्या मोकळ्या आणि दारं उघडी ठेवायला सांगते. सूनबाईंना थांबणं जड जात होतं, पण त्या थांबल्या.

मग मांडणी. डाळी एका जागी, पिठं एका जागी अशी जातवार मांडणी दिसायला छान, पण घरात माणूस जातीने शोधत नाही, कामाने शोधतो. सकाळी ज्याला नाश्ता करायचा आहे त्याला पोहे, रवा, शेंगदाण्याचं कूट, साखर आणि चहा हे सगळं एका हाताच्या अंतरावर लागतं. म्हणून दाराशी उजवीकडे सकाळची फळी. समोर वरण-भात-उसळीची. डावीकडे मावशींचं पीठ, आणि खाली धान्य. उपवासाला एक वेगळा खण : साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, सैंधव. तीन पाकिटं आता कधी होणार नाहीत. सगळ्यात वर मोदकपात्र, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या आणि कुरडया-पापडांचे मोठे डबे, जे महिन्यातून एखाद्या वेळी निघतात. आजींचा गोडा मसाला आणि सुनेचा काळा मसाला शेजारी शेजारी, एकाच मापाच्या डब्यांत. हे मी मुद्दाम केलं.

नावांच्या चिठ्ठ्या मराठीत, ठळक अक्षरांत, आजींना चष्म्याशिवाय वाचता याव्यात अशा. त्या नातीने लिहिल्या. इंग्रजी शाळेत जाणारी ती मुलगी ‘हुलगे’ लिहू की ‘कुळीथ’ यावर आजीशी बराच वेळ बोलत बसली होती. शेवटी ‘कुळीथ’ लागलं. पाकिटावरची तारखेची पट्टी कापून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायची, आणि नवं धान्य भरताना जुनं आधी ताटात काढून नवं खाली, जुनं वर. ही सवय मुलाने उचलली. किराणा भरायचं काम आता तोच करतो.

देखणेपणाबद्दल माझं मत सांगते. कोठीला वेगळं सजवावं लागत नाही. झाकणं एका उंचीवर आली, डबे आपापल्या जागी सरळ बसले आणि दार उघडताच लागणारा एक पिवळसर दिवा दिला, की बाकी काम धान्यच करतं. काचेतून दिसणारी केशरी मसूर, हिरवे मूग, तपकिरी मटकी, काळे उडीद, पांढरी चवळी. इतके रंग आपल्या रोजच्या जेवणात आहेत हे सूनबाई उभ्या राहून पाहत होत्या. त्यांना फोटोंतली कोठी हवी होती, पण फोटोंत यातलं निम्मं धान्य नसतं. एक फळी मात्र आजींसाठी ठेवली. त्यांच्याकडे लग्नात आलेले पितळी डबे होते, ठिपक्या-ठिपक्यांनी नाव आणि तारीख घातलेले. सासरचं नाव, देणाऱ्याचं नाव. ते माळ्यावर टाकायचं घाटत होतं. मी ते डोळ्यांच्या उंचीवर मधोमध लावले. त्यांत आता लाडू, चिवडा, शंकरपाळे असतात, आणि घरातलं प्रत्येक मूल तिथेच आधी हात घालतं.

पावसाळा संपला की लावून दिलेली कोठी पाहायला जायचं, हा माझा नेम आहे. या घरी गेले तेव्हा मागच्या भिंतीला वरच्या बाथरूमची ओल आलेली होती. इंचभर फट असल्यामुळे ती वेळेवर दिसली, फळी शाबूत राहिली, आणि सोसायटीकडून वॉटरप्रूफिंग करून घेतलं गेलं. घरातल्यांनी मांडणीत बदलही केले होते. शेंगदाण्याचं कूट सकाळच्या फळीवरून उपवासाच्या खणाजवळ गेलं होतं, नातवाच्या व्यायामाच्या पावडरीने मखाण्यांची जागा घेतली होती. असे बदल पाहिले की मला फार बरं वाटतं. माणसं जागा आपली मानायला लागली की वस्तू हलवतात. आजी म्हणाल्या, “परवा ह्याने कुळथाचं पिठलं केलं. मी आडवी झाले होते. उठून बघते तर पानं घेतलेली.” ‘हा’ म्हणजे त्यांचा मुलगा, पन्नाशीचा.

मावशींची एक मागणी अजून बाकी आहे. पिठाच्या डब्याचं झाकण फिरवून उघडायचं आहे आणि पीठ लागलेल्या हाताने ते फिरत नाही. एका हाताने, कोपराने ढकलूनसुद्धा उघडेल असं झाकण हवं, आणि तरी ते घट्ट बसायला हवं. बोहरी आळीतल्या दुकानदाराला मी तसा नमुना सांगून ठेवला आहे. मिस्त्री म्हणताहेत की बिजागरीचं लाकडी झाकण करून देतो. मला ते जड होईल असं वाटतं, तरी या आठवड्यात एक करून बघणार आहोत.